उष्टावणानंतरचे साडेपाचशे दिवस

ऑगस्टचा पहिला आठवडा जगभर स्तनपान सप्ताह म्हणून पाळला जातो आणि २०१८पासून सप्टेंबर महिना आपल्या देशात राष्ट्रीय पोषण माह म्हणून साजरा होतो. या निमित्ताने अंगणवाड्यांच्या दारात रांगोळ्या निघतात, पालेभाज्यांची आणि कडधान्यांची प्रदर्शने मांडली जातात, घोषणांचे फलक झळकतात. त्यात गैर काही नाही. पण हे सोपस्कार उरकले की कुपोषण हा विषय पुन्हा त्याच्या ठरलेल्या जागी जाऊन बसतो. महाराष्ट्राच्या मनातील ती जागा म्हणजे जव्हार, मोखाडा आणि मेळघाट. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे शंभराहून अधिक बालके दगावली आणि कुपोषण हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्यानंतर प्रत्येक पावसाळ्यात तो येत राहिला. परिणामी शहरी मध्यमवर्गाची एक समजूत पक्की झाली : कुपोषण हा डोंगरदऱ्यांतला, रस्ते नसलेल्या पाड्यांवरचा, पर्यायाने दूरचा रोग आहे. ही समजूत किती भ्रामक आहे हे पाहण्यासाठी मेळघाटात जाण्याची गरज नाही. मध्य रेल्वेच्या गाडीने कांजूरमार्गला उतरले तरी पुरे.

कांजूरमार्गच्या पश्चिमेला लालबहादूर शास्त्री मार्ग आणि त्यापलीकडे पवई. तेथे आयआयटीसारखी जगन्मान्य संस्था आहे, तलाव आहे आणि गगनचुंबी निवासी मनोरेही आहेत. पूर्वेला मिठागरे, द्रुतगती महामार्ग आणि मुंबईचा कचरा पोटात घेणारी क्षेपणभूमी. या दोहोंच्या मध्ये, आणि भांडुप-विक्रोळीच्या टेकड्यांच्या उतारांवर, दाटीवाटीने वसलेल्या वस्त्या आहेत. या पट्ट्यातील कारखान्यांनी एके काळी कोकणातून, घाटावरून आणि पुढे उत्तरेतून आलेल्या कुटुंबांना काम दिले. त्यांतले बरेचसे कारखाने बंद झाले आणि घरातील पुरुषाचा पक्का पगार गेला. संसाराचा तोल सावरण्यासाठी स्त्री घराबाहेर पडली. पवईच्या मनोऱ्यांत धुणीभांडी, स्वयंपाक आणि मुले सांभाळणे ही कामे तिच्या वाट्याला आली. सकाळी ती टेकडी उतरते आणि दिवसभर परक्या घरातील बाळाला वरणभात भरवते. तिचे स्वतःचे वर्षाचे लेकरू तेवढा वेळ खोलीत सात-आठ वर्षांच्या थोरल्या बहिणीजवळ असते. भूक लागली म्हणून ते रडले की बहीण डब्यातली चार बिस्किटे चहात बुडवून देते किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच रुपयांचे कुरकुरीत पाकीट आणून हातात ठेवते. लेकरू गप्प होते. पोट भरल्यासारखे होते. शरीर मात्र उपाशीच राहते.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. या घरात धान्य नाही असे नव्हे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखाली शिधापत्रिकेवर मिळणारे धान्य जानेवारी २०२३पासून विनामूल्य झाले आहे. घरात तांदूळ आहे, गहू आहे आणि बहुतेक वेळा डाळही आहे. मोठी माणसे दोन वेळा जेवतात. उपाशी राहते ते फक्त घरातील सर्वांत लहान माणूस. अन्न असलेल्या घरातही बालक कुपोषित होऊ शकते, हे या प्रश्नातील मर्म आहे. नेमके तेच शासकीय आकडेमोडीतून आणि समाजाच्या दयाबुद्धीतूनही निसटते.

देशातील बालकांच्या उंची-वजनाचा हिशेब ठेवणारी आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था याच मुंबईत, गोवंडी-देवनारला आहे, हाही एक नियतीचा उपरोधच. २०१९ ते २०२१ या काळात या संस्थेने केलेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने महाराष्ट्राचे जे चित्र दाखवले, ते प्रगत म्हणवणाऱ्या राज्याची मान खाली घालायला लावणारे आहे. पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालके वयाच्या मानाने खुजी आणि २५.६ टक्के बालके उंचीच्या मानाने रोडावलेली आढळली. दर चार मुलांमागे एक मूल रोडावलेले, आणि हे प्रमाण देशाच्या १९.३ टक्के सरासरीपेक्षाही अधिक ! त्याच सर्वेक्षणातील आणखी एका आकड्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सहा ते तेवीस महिने वयाच्या बालकांपैकी ज्यांना वयाला साजेसा पुरेसा आहार मिळतो, अशांचे प्रमाण देशात सुमारे ११ टक्के आहे आणि महाराष्ट्रात ते त्याहूनही कमी आहे. म्हणजे दहा बालकांमागे जेमतेम एक. बाकीची नऊ बालके काही दरिद्री घरांतलीच असतील असे नाही. सधन घरांतही पुरेसा आहार मिळणारी बालके थोडीच आहेत. गरिबी हे कुपोषणाचे मोठे कारण आहे, यात शंका नाही. पण ते एकमेव कारण नाही, हेच हा आकडा सांगतो.

भारतीय मुले मुळात वंशानेच ठेंगणी आणि पाश्चात्त्यांच्या मोजपट्ट्या त्यांना लावणे अन्यायाचे, असा एक युक्तिवाद मधूनमधून केला जातो. देशाची बदनामी होते म्हणून तो अनेकांना सोयीचाही वाटतो. पण जागतिक आरोग्य संघटनेने २००६मध्ये जी मानके प्रसिद्ध केली, ती केवळ गोऱ्या मुलांवरून बेतलेली नव्हती. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका यांच्याबरोबर भारतातील, दक्षिण दिल्लीतील, बालकांची वाढ त्यासाठी वर्षानुवर्षे मोजली गेली होती. ज्यांना आईचे दूध आणि योग्य पूरक आहार मिळाला, आजारपणांपासून ज्यांचे रक्षण झाले, ती दिल्लीची मुले पहिल्या पाच वर्षांत नॉर्वेच्या मुलांच्या बरोबरीनेच वाढली. भारतीय बीज खुजे नाही, त्याला मिळणारी माती आणि पाणी अपुरे आहे. राष्ट्राभिमान असलाच तर तो या निष्कर्षाचा असावा, मोजपट्टी नाकारण्याचा नसावा.

गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचे एक हजार दिवस माणसाच्या शरीराचा आणि बुद्धीचा पाया घालतात, हे आता सर्वमान्य आहे. हिशेब सोपा आहे : २७० दिवस गर्भाशयात, १८० दिवस केवळ आईच्या दुधावर आणि उरलेले साडेपाचशे दिवस दूध अधिक वरचे अन्न यांवर. पहिल्या टप्प्यासाठी गर्भवतीच्या तपासण्या आहेत, लोहाच्या गोळ्या आहेत, रुग्णालयातील प्रसूती आहे. दुसऱ्या टप्प्यासाठी स्तनपानाचा प्रचार आहे आणि त्याला यशही येत आहे. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ आईच्या दुधावर असलेल्या बालकांचे प्रमाण महाराष्ट्रात ७१ टक्क्यांपर्यंत पोहोचले. तिसरा, सर्वांत दीर्घ टप्पा मात्र अनाथ आहे. सहाव्या ते आठव्या महिन्यात ज्यांच्या तोंडी दुधाबरोबर घन अन्न पडू लागते, अशी बालके राज्यात सुमारे निम्मीच. उरलेल्या निम्म्यांच्या पोटात जी पोकळी निर्माण होते, ती पुढे कधीही पूर्ण भरून निघत नाही.

सहा महिन्यांनंतर आईचे दूध निरुपयोगी होत नाही. ते दोन वर्षांपर्यंत आणि त्यानंतरही द्यावयाचेच असते. पण ते एकटे पुरत नाही. आईच्या पोटातून बाळ जो लोहाचा साठा घेऊन येते, तो साधारण याच सुमारास संपतो. सहा ते आठ महिन्यांच्या बालकाला दुधाखेरीज रोज सुमारे २०० उष्मांक वरच्या अन्नातून मिळावे लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५०. आणि आठ किलो वजनाच्या बाळाच्या जठरात एका वेळी मावते जेमतेम पाव लिटर. म्हणूनच त्या इवल्या जागेत काय जाते, याला महत्त्व येते. घरोघरी बाळाला डाळीचे वरचे पाणी, भाताची पेज, पातळ खिमट देण्याची रीत आहे. घट्ट दिले तर बाळाला पचणार नाही, ही त्यामागची भावना मायेची आहे. पण डाळीचे सत्त्व तळाशी राहते आणि वरच्या पाण्याने पोट भरून जाते. चमचा तिरका केल्यावर न ओघळणारे, घट्टसर कालवलेले वरणभात किंवा मुगाची खिचडी, त्यात चमचाभर तूप वा तेल, दाण्याचे वा तिळाचे बारीक कूट, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, उकडलेला भोपळा, पालेभाजी यांतून तेच पोट खऱ्या अर्थाने भरते. ज्या घरात चालते तेथे उकडलेले अंडे, मासे, भाजून पूड केलेला जवळा द्यावा. ज्या घरात चालत नाही तेथे दूध, दही आणि डाळी यांचे प्रमाण वाढवावे. अंड्याच्या नावाने वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंना बाळाच्या ताटात दोन्ही नाहीत याचे विस्मरण होऊ नये.

गंमत अशी, की या टप्प्याचे महत्त्व आधुनिक विज्ञानाने शोधून काढण्यापूर्वी शतकानुशतके या देशाला ठाऊक होते. गृह्यसूत्रांनी सांगितलेल्या संस्कारांत अन्नप्राशन आहे आणि त्याचा काळ आहे सहावा महिना. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सहाव्या महिन्यात बालकाला हलके आणि हितकर अन्न देण्यास सांगितले आहे. जागतिक आरोग्य संघटना २००१पर्यंत चार ते सहा महिने असे मोघम सांगत होती. त्या वर्षी तिने पूर्ण सहा महिने ही मर्यादा मान्य केली. मराठी घरातील उष्टावण ही त्याच अन्नप्राशनाची लोकपरंपरा. मामाच्या मांडीवर बाळाला बसवायचे, चांदीच्या वाटीतील खीर सोन्याच्या अंगठीने त्याच्या ओठांना लावायची, असा हा गोड सोहळा. आज वस्तीतल्या एका खोलीच्या घरातही तो ऐपतीप्रमाणे होतो, छायाचित्रे निघतात, केक कापला जातो. प्रश्न आहे तो दुसऱ्या दिवसाचा. खिरीचे पहिले बोट लावणारे हात अनेक असतात. पुढचे साडेपाचशे दिवस, दिवसातून चार-पाच वेळा, वाटी घेऊन बाळाजवळ बसणारा हात कोणाचा ? संस्कार हा आरंभ असतो. समाजाने त्याला समारोप करून टाकले आहे.

परंपरेविषयी बोलताना तिच्यातील दोषांकडे डोळेझाक करणे हेही परंपरेशी बेइमानी करण्यासारखेच. प्रसूतीनंतरचे पहिले पिवळसर दूध, म्हणजे चीक, खराब समजून पिळून टाकणे, नवजात बालकाला मधाचे बोट चाटवणे, गुटी उगाळून पाजणे, अतिसार झाला की बाळाचे खाणेपिणे तोडणे, हे सारे अजून घराघरांत चालते. चीक ही बाळाची पहिली लस आहे. मधामुळे वर्षाच्या आतील बालकाला विषबाधेचा धोका असतो. अतिसारात जलसंजीवनी आणि जस्ताची मात्रा यांच्याबरोबर खाणे चालूच ठेवायचे असते, कारण प्रत्येक आजारपण वजनाचा घास घेऊन जाते. टेकडीवरच्या वस्तीत जेथे पाणी हंड्याने चढवावे लागते, हात धुण्यासाठीही हिशेब करावा लागतो, तेथे ही आजारपणे वारंवार येतात. तेव्हा जे कालानुरूप सिद्ध झाले ते जपावे आणि जे घातक ठरले ते निःसंकोच टाकावे. संस्कृती म्हणजे वाहती धारा असे म्हणायचे, तर गाळ उपसण्याचीही तयारी हवी.

मग दोष कोणाचा ? सर्वांत सोपे उत्तर म्हणजे आईचा. आरोग्य केंद्रात वजन कमी भरले की पहिली बोलणी तिलाच बसतात. अडाणी आहे, निष्काळजी आहे, मुलाकडे लक्ष देत नाही. हे उत्तर सोपे आहे, म्हणूनच अन्यायाचे आहे. बाळाला भरवणे ही केवळ माहितीची बाब नाही, ती वेळेची बाब आहे. मोठा माणूस ताट समोर आले की जेवतो, बाळ जेवत नाही. त्याला काऊ-चिऊचे घास करून, थोपटून, थांबून, पुन्हा पुढे सरकवून भरवावे लागते. एका वेळेला अर्धा तास. जुन्या एकत्र कुटुंबात हे काम आजी करत असे, आत्या करत असे. मुंबईच्या दहा बाय बाराच्या खोलीत आजीला जागा नाही, ती गावी आहे. कुटुंब स्थलांतरित झाले, पण कुटुंबव्यवस्थेचे जे बिनपगारी, बिनबोभाट काम होते ते मागे गावातच राहिले. ती पोकळी कोणी भरली नाही, आणि जी पोकळी समाज भरत नाही ती बाजार भरतो.

बाजाराचा हा इतिहास जुना आहे. डॉ. सिसिली विल्यम्स या ब्रिटिश वैद्यक स्त्रीने १९३०च्या दशकात आजच्या घानामध्ये एक बालरोग पाहिला आणि तेथील लोकांचाच शब्द वापरून त्याला ‘क्वाशिओरकॉर’ हे नाव दिले. दुसरे मूल आल्यावर अंगावरून तोडलेल्या पहिल्या मुलाला होणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय. याच विल्यम्सबाईंनी १९३९मध्ये सिंगापूरमध्ये, आईच्या दुधाऐवजी गोड आटवलेले दूध खपवणाऱ्या प्रचारामुळे होणारे बालमृत्यू म्हणजे हत्याच होय, असे जाहीर भाषणात सुनावले. पुढे १९७०च्या दशकात गरीब देशांत पावडरीच्या दुधाच्या विक्रीतंत्राविरुद्ध जगभर चळवळ उभी राहिली आणि १९८१मध्ये जागतिक आरोग्य सभेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विपणनासाठी संहिता मंजूर केली. ११८ राष्ट्रे बाजूने, विरोधात एकटी अमेरिका ! भारताने १९९२मध्ये याबाबतचा कायदा केला आणि २००३मध्ये तो अधिक कडक करून दोन वर्षांखालील बालकांच्या खाद्याच्या जाहिरातींना पूर्ण मज्जाव केला. हा कायदा जगातील कठोर कायद्यांत गणला जातो, आणि त्याचा सार्थ अभिमान बाळगावा.

पण अभिमानाने पहारा संपत नाही. स्वित्झर्लंडमधील ‘पब्लिक आय’ या संस्थेने एप्रिल २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, नेस्ले कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या तपासलेल्या प्रकारांत एका वेळच्या खाण्यामागे सरासरी सुमारे तीन ग्रॅम साखर वरून घातलेली असल्याचे दाखवून दिले. युरोपातील बालकांसाठी तेच खाद्य साखर न घालता विकले जात होते. भारतीय नियमांचा भंग झालेला नाही, असे कंपनीने सांगितले आणि त्याच वर्षी साखरविरहित प्रकार आणण्याचे जाहीरही केले. नियमांचा भंग न करता हे घडू शकले, हीच खरी चिंतेची बाब. शिवाय वस्तीतले लेकरू सेरेलॅकवर वाढत नाही. त्याचे पोट बिस्किटे, चहा आणि खारवलेल्या तळीव पाकिटांवर भरते. ही पाकिटे बालखाद्य म्हणून विकली जात नाहीत, म्हणून बालखाद्याच्या कायद्याच्या कक्षेतही येत नाहीत. जाहिरातीची गरज त्यांना नाही. आईचा नसलेला वेळ हीच त्यांची जाहिरात.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ प्रकल्पांनी सुरू झालेली एकात्मिक बाल विकास सेवा योजना आज देशभर पसरली आहे. अल्प मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस हा तिचा कणा. पण योजनेच्या रचनेतच एक फट आहे. अंगणवाडीत येऊन गरम ताजा आहार मिळतो तो तीन ते सहा वर्षांच्या मुलांना. सहा महिने ते तीन वर्षे या वयासाठी आहे तो घरी न्यायचा शिधा किंवा पाकीट. म्हणजे पाया घालण्याचे दिवस उलटून गेल्यावर मूल अंगणवाडीच्या पंक्तीला बसते आणि त्याआधी त्याला भरवण्याचा सगळा भार पुन्हा त्या वेळ नसलेल्या घरावरच पडतो. त्यातही पाकिटांच्या पुरवठ्यात ठेकेदारांचे हितसंबंध शिरले. पोषण आहाराच्या पुरवठ्यातून ठेकेदारांना दूर ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४मध्ये बजावले होते. तरीही २०१९मध्ये महाराष्ट्रातील अशा पुरवठ्याचे ठेके रद्द करण्याची वेळ त्याच न्यायालयावर आली. बालकांच्या घासावर नफ्याची गणिते मांडणाऱ्यांना कोणत्याही पक्षाचा रंग नसतो, आणि त्यांना पाठीशी घालणाऱ्यांनाही तो असू नये.

इच्छाशक्ती असेल तर काय होऊ शकते, याचे उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. २००५मध्ये सुरू झालेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने नवे भव्य काही उभारले नाही. रिकाम्या जागा भरणे, बालकांची वजने नीट घेणे, खरे आकडे लपवणाऱ्याला नव्हे तर सांगणाऱ्याला पाठिंबा देणे, आणि लक्ष दोन वर्षांखालील वयावर केंद्रित करणे अशी साधी सूत्रे धरली. २००५-०६मध्ये राज्यातील दोन वर्षांखालील बालकांत खुजेपणाचे प्रमाण ३९ टक्के होते. २०१२च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात ते २३ टक्क्यांवर आले. याचे श्रेय एकट्या मिशनचे नाही, मातांचे शिक्षण आणि उत्पन्नातील वाढ यांचाही त्यात वाटा होता. पण योग्य वयावर लक्ष ठेवले तर सहा-सात वर्षांत चित्र पालटते, एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. पुढे त्या लक्षात सातत्य राहिले नाही आणि पाचव्या सर्वेक्षणाने त्याची किंमत दाखवली.

पुढचे पाऊल वेळेचा प्रश्न सोडवणारे हवे. २०१७मध्ये प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. बाळाला निव्वळ अंगावर पाजण्याचे सहा महिने त्यामुळे साधले, ही मोठीच सुधारणा. पण ती पगारपत्रकावर नाव असलेल्या स्त्रीसाठी. घरकाम करणारीला, मांडणीवर भाजी विकणारीला, इमारतीच्या बांधकामावर विटा वाहणारीला कोण रजा देणार ? रायगडाचे दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्याच्या ओढीने अंधारात कडा उतरून गेलेल्या हिरकणीचे नाव महाराष्ट्राने अभिमानाने जपले. एसटी स्थानकांवर स्तनदा मातांसाठी तिच्या नावाने कक्ष उभारले. पण हिरकणीची कथा म्हणजे निव्वळ शौर्याची गोष्ट नव्हे. कामासाठी गड चढून गेलेल्या आईला घरी लेकरापाशी पोहोचण्याची वाट उरली नाही, अशी ती व्यवस्थेची गोष्ट आहे. त्या काळी शिवछत्रपतींनी तिच्या धाडसाचा गौरव केला, ही त्या राजाची दृष्टी. आजच्या राज्यकर्त्यांकडून आणि समाजाकडून अपेक्षा अशी, की कडा उतरण्याची वेळच कोणा आईवर येऊ नये.

त्यासाठी वस्तीवस्तीत पाळणाघर हवे. ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची तरतूद आता आहे. मुंबईच्या दाट वस्त्यांत तिला जागा मिळवून देणे हे महापालिकेचे आणि लोकप्रतिनिधींचे काम. पण सेवावस्त्यांत काम करणाऱ्या संस्थांनी शासनाच्या वाटेकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. संस्कारवर्ग, अभ्यासिका, आरोग्य तपासणी हे उपक्रम अनेक ठिकाणी निष्ठेने चालतात. पण त्यांत येणारे मूल किमान चार-पाच वर्षांचे असते. त्याच्या पाठीमागे कडेवर असलेले धाकटे भावंड उंबरठ्यावरच राहते. त्या धाकट्याला आत घेणे हे सेवाकार्याचे पुढचे उद्दिष्ट असले पाहिजे. वस्तीतील दोन-तीन प्रौढ स्त्रिया, ज्यांची मुले मोठी झाली आहेत आणि हात रिकामे आहेत, त्यांना मानधन देऊन दहा-बारा बालकांची दुपारची दोन जेवणे त्यांच्या हातून भरवली गेली, तर गावी राहिलेली आजी वस्तीत परत आली असे होईल. महिन्याला एकदा वजनाबरोबर लांबीही मोजावी, कारण खुजेपण तराजूवर दिसत नाही.

ज्ञानाची कमतरता नाही. कांजूरमार्गच्या शेजारी आयआयटीमध्ये प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातून आणि बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांच्या मार्गदर्शनाखाली, बाळाला अंगावर नीट कसे घ्यावे येथपासून सहा महिन्यांनंतर कोणते पदार्थ कसे करावेत येथपर्यंतच्या चित्रफिती मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार झाल्या आहेत. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी केली, तीही याच शहरात. ज्ञान टेकडीच्या एका बाजूला आहे आणि गरज दुसऱ्या बाजूला. मधले अंतर मैलाचेही नाही. ते चालून जाणारी माणसे हवी आहेत.

आणि एक कर्तव्य मनोऱ्यांतील घरांचेही आहे. आपल्या नातवंडाला जी बाई प्रेमाने भरवते, तिचे मूल त्या वेळी कोणाजवळ आहे, हा प्रश्न तिला विचारण्यास कोणत्याही कायद्याची आवश्यकता नाही. तिला बाळंतपणाची पगारी रजा देणे, दुपारी तासभर घरी जाण्याची मुभा देणे, दहा घरांनी मिळून तिच्या वस्तीतील पाळणाघराचा खर्च उचलणे हे अशक्य नाही. याला दान म्हणण्याचे कारण नाही. तिने दिलेल्या वेळाची ती परतफेड आहे.

भारत हा तरुणांचा देश आहे, हे वाक्य व्यासपीठावरून वारंवार ऐकू येते. तरुण मात्र एकाएकी तरुण होत नाहीत. वीस वर्षांनी जो कारागीर, जो सैनिक, जो संशोधक या देशाला हवा आहे, तो आज कांजूरमार्गच्या एखाद्या खोलीत दहा महिन्यांचा आहे आणि त्याच्या हातात एक बिस्किट आहे. त्याच्या साडेपाचशे दिवसांपैकी किती उरले आहेत, हे कोणी मोजत नाही. गेलेले दिवस परत आणण्याचे सामर्थ्य कोणत्याही अर्थसंकल्पात नाही. उरलेल्या दिवसांसाठी मात्र एक वाटी घट्ट वरणभात, चमचाभर तूप आणि अर्धा तास सवड असलेला एक हात एवढेच पुरे आहे. एवढेही ज्या समाजाला जमणार नाही, त्याने महासत्तेची स्वप्ने पाहण्याआधी थोडे थांबून विचार करावा.